हिरव्या दस्त्याची बंदूक

महाराष्ट्रात जळगावे दोन. एक केळ्यांचे, सोन्याचे आणि भरताच्या वांग्यांचे, दुसरे आमचे. आमचे म्हणजे माझे नव्हे, माझ्या बहिणीचे. पण बहीण जिथे दिली त्या गावाला 'आमचे' म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि ती मोडण्याचे मला काही कारण दिसत नाही. पहिल्याच्या मोठेपणात दुसरे हरवून जाऊ नये म्हणून शेजारच्या जामोद गावाचे नाव त्याच्या पाठीशी बांधून दिले आहे. लग्नपत्रिकेत तो 'जामोद' छापायचा राहिला, तर निम्मे वऱ्हाड खानदेशात उतरेल!

तेव्हा वाचकहो, मुंबईहून नागपूरच्या गाडीत बसलात तर पहिले जळगाव आले म्हणून उठू नका. भुसावळ मागे पडू द्या, मलकापूर जाऊ द्या आणि नांदुऱ्याला उतरा. तिथे 105 फुटी मारुती उभा आहे. त्याला नमस्कार करा आणि उत्तरेकडे तोंड केलेली एस.टी. धरा. येरळीच्या पुलावरून पूर्णा ओलांडली की वाट सातपुड्याच्या दिशेने लागते. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, कापसाला नामी. पण विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजायला कुरकुरते आणि साबणाला फेस येत नाही. उत्तरेकडे सरकावे तसे पाणी गोडे होत जाते, संत्र्यांचे आणि केळीचे मळे दिसू लागतात, आणि मग क्षितिजावर निळसर रेघ उमटते ती सातपुड्याची. त्या रेघेच्या पलीकडे बऱ्हाणपूर. अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, जळगाव जामोद.

डोंगर आणि रान इतके जवळ असलेल्या गावात बंदुकीचा विषय निघाला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते: ठासणीची बंदूक मांडीवर घेऊन माळ्यावर रात्र जागणारा शेतकरी, आणि खाली हरभऱ्यात घुसलेली रानडुकरे. 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, शिकारीचे दिवस संपले आणि कितीतरी बंदुका खुंटीवर गेल्या. पण मी सांगणार आहे ती बंदूक या जातीची नव्हे. तिने आजवर एक चिमणीदेखील मारलेली नाही. तिचे वैर फक्त एका ठिपक्याशी आहे, आणि तो ठिपका आहे अर्ध्या मिलिमीटरचा.

ही नेमबाजीची हवेची रायफल. बाजूची दांडी ओढून हवा दाबायची, 4.5 मिलिमीटरचा शिशाचा छर्रा घालायचा आणि दहा मीटरवरच्या कागदावर मारायचा. (2016 च्या शस्त्र-नियमांप्रमाणे 20 जूलच्या आतल्या जोराच्या अशा बंदुकीला परवाना लागत नाही, हे घाबरट वाचकांसाठी.) कागदावर मधोमध जो दहा गुणांचा ठिपका असतो तो अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे छर्ऱ्याहूनही कितीतरी लहान. पाच किलोच्या आसपासचे वजन उभ्याने तोलून असे साठ नेम सव्वा तासात मारायचे. 2018 पर्यंत मुलींना चाळीसच असत. त्या वर्षापासून त्यांनाही साठ झाले. माझी भाची सोळा वर्षांची. ती हे रोज करते. वाड्याच्या ओसरीवर उभी राहते, मधली दारे सताड उघडते आणि परसदाराच्या भिंतीला लावलेल्या लोखंडी पेटीवर नेम धरते. त्या सव्वा तासात घरातल्या कोणी चहासाठीसुद्धा आडवे जायचे नाही असा तिच्या आईचा हुकूम आहे.

हे वेड इतक्या आडगावात कसे पोहोचले, असे मी पूर्वी विचारीत असे. आता विचारीत नाही. आपल्या देशात नेमबाजीच्या राष्ट्रीय संघटनेची स्थापना 1951 मध्ये केली ती दादासाहेब मावळंकरांनी, लोकसभेच्या पहिल्या सभापतींनी. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचे, कर्मभूमी अहमदाबाद, आणि छंद म्हणावा तर हा! त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून आजही देशभरची पोरे राष्ट्रीय सामन्यांची वाट धरतात. कॉलेजांतून एन.सी.सी. आली आणि खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या खांद्याला पॉइंट टू-टू रायफल लागली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 साली म्युनिकला जागतिक सुवर्णपदक घेतले. 1952 साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून आणले त्यानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले ते तब्बल 72 वर्षांनी, 2024 मध्ये पॅरिसला. आणि ते आणणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. कांबळवाडीला जे जमते ते जळगाव जामोदला का जमू नये, असे भाचीचे म्हणणे. त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

अडचण होती ती बंदुकीची. नवी परदेशी रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते. भाऊजींचा पगार मास्तरचा. त्यांनी पुण्याहून एक वापरलेली जर्मन रायफल पैदा केली. नळी उत्तम, चाप लोण्यासारखा, किंमत परवडेल अशी. ती एवढ्या स्वस्तात का मिळाली ते पिशवी उघडल्यावर कळले. आधीच्या कोणा मालकाने तिच्या दस्त्याला हिरवा ऑइलपेंट फासला होता. तोही ब्रशने, तोही जाडजूड, आणि तोही आपण खिडक्या-दारांना लावतो तसला पोपटी हिरवा. मूठ धरावी तर घामाने निसटे. गाल टेकवावा तर उन्हाळ्यात रंग गालाला चिकटून येई. कडांना पोपडे सुटलेले. पोरीच्या गालावर हिरवा डाग पाहून शेजारच्या आजींनी कसली पुटकुळी म्हणून लेपही सांगितला होता म्हणे.

ज्यांनी बंदूक हाताळलेली नाही त्यांना दस्ता म्हणजे नुसती लाकडी मूठ वाटते. नेमबाजाला तो बुटासारखा असतो. पाय चांगला असून बूट चावला तर माणूस धावेल कसा? दस्त्याची मागची बाजू खांद्याच्या खळगीत बसली पाहिजे, गाल दर खेपेला त्याच जागी टेकला पाहिजे म्हणजे डोळा दर खेपेला त्याच रेषेत येईल, आणि मूठ अशी हवी की तर्जनीचे पहिले पेर चापावर सरळ मागे यावे. त्यात केसभर फरक झाला की कागदावर बोटभर होतो. शिवाय लाकूड ही जिवंत वस्तू. वैशाखात ते आखडते, आषाढात फुगते. लांबीत जवळजवळ नाही, पण रुंदीत चांगले फुगते. आपल्याकडे पावसाळ्यात देवघराचे दार लागत नाही ते याच कारणाने. तसेच दस्त्याचे लाकूड फुगून नळीला टेकले किंवा स्क्रूची पकड बदलली, तर छर्रे आपली जागा सोडतात आणि नेमबाज बिचारा स्वतःला दोष देत बसतो. रंग असो, तेल असो की पॉलिश असो, त्याचे पहिले काम शोभा हे नव्हे. लाकडाला पाणी पिऊ न देणे हे.

मी उन्हाळ्याच्या सुटीत गेलो तेव्हा घरात यावरून तीन पक्ष पडलेले होते. भाऊजींचे म्हणणे, गॅरेजवाल्याकडून मोटारीचा रंग फवारून घ्यावा. स्वस्त, टिकाऊ आणि एका दिवसात मोकळे. भाचीचे म्हणणे, रंगाचे नंतर पाहू, आधी मूठ कापा. ती कोणा धिप्पाड पुरुषाच्या हाताची आहे, माझे बोट चापापर्यंत पोहोचत नाही. यावर भाऊजी दचकत: पुढेमागे विकायची झाली तर कापलेली बंदूक घेईल कोण? आणि ताईचे म्हणणे असे की निर्णय काय घ्यायचा तो घ्या, पण महिन्या-दीड महिन्यावर पोरीची स्पर्धा आहे, हे लक्षात असू द्या.

भाऊजींचा पक्ष अगदीच लंगडा होता असे मी म्हणणार नाही. मोठमोठ्या नेमबाजांच्या रायफली आज निळ्या, लाल, चंदेरी असतात; कित्येकांचे दस्ते तर ॲल्युमिनियमचेच. आणि पाणी अडविण्यात चांगला फवारलेला रंग तेलापेक्षा सरसच. वाईट असतो तो तेलकट, मळकट लाकडावर घाईने फासलेला दाराचा रंग. पण पहिला रंग खरवडल्यावाचून दुसरा बसणार नव्हता, आणि खरवडायचे तर माणूस हवा होता.

तो माणूस म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारे सुतारमिस्त्री. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या वडिलांनी परिसरातल्या देशमुख-पाटलांच्या ठासणीच्या बंदुकांना शिसवीचे दस्ते बसविलेले. मिस्त्रींचा स्वतःचा जन्म मात्र दिवाण, कपाटे आणि बैलगाड्या यांत गेला. त्यांनी दस्ता उलटसुलट केला, नखाने एक पोपडा उचलला आणि म्हणाले,

"दाराचा रंग हाये हा, भाऊ. कोन लावला बाप्पा? दाराले लावाचा तो बंदुकीले लावला, मंग दाराले काय लावलं असन त्यानं?"

त्यांनी पहिले काम केले ते लोखंड वेगळे करण्याचे. दोन स्क्रू काढले, नळी आणि यंत्र अलगद उचलून फडक्यात बांधले आणि भाचीच्या हवाली केले. "हे तुयापाशी ठेव पोरी. माह्यं काम लाकडाशी." ही शिस्त ध्यानात ठेवण्याजोगी आहे. परवान्याची बंदूक असेल तर ती तर कायद्याचीच गोष्ट: लोखंड घरी, कुलपात, सुताराच्या हाती फक्त लाकूड.

मग रंग. मला वाटले होते काही जालीम औषध लावून तो विरघळवतील. कॉस्टिकच्या पाण्यात बुडवून काढण्याची सूचना भाऊजींनी केलीही. पण त्याने लाकूड काळवंडते, आणि मुरलेला खार मागाहून नव्या पॉलिशला आणि लोखंडाला खातो. मिस्त्रींनी खिडकीच्या फुटक्या काचेचा एक तुकडा घेतला, त्याची कड अंगठ्याने चाचपली आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आपल्याकडे ओढीत, खरवडायला सुरुवात केली. धार बोथटली की काच टाकायची, नवा तुकडा घ्यायचा. हिरव्या कपच्यांचा ढीग पडला. त्याखाली पांढरट अस्तर निघाले, त्याखाली जुन्या वार्निशचा पिवळेपणा. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, वारा भट्टीसारखा फुंकत असताना, एका जागी एकदम तपकिरी-काळ्या लाटा उघड्या पडल्या. मिस्त्री थांबले. त्यांनी त्या जागी थुंकी लावली आणि उन्हात धरले.

"अक्रोड हाये," ते म्हणाले, आणि जरा वेळाने, "अन् हिरवा रंग!"

बंदुकीचे दस्ते जगभर अक्रोडाचे करतात, याला कारण आहे. लाकूड बेताच्या वजनाचे, चिवट, धक्का सोसणारे, कोरायला गोड, आणि एकदा मुरले की फार हलत नाही. आपला साग थोर खरा. पण त्याच्या अंगातच तेल असते, वरून दिलेले पॉलिश तो मनापासून धरीत नाही. शिसव देखणी, पण जड. या मुलुखाची अक्रोडाशी ओळख मात्र जुनी आहे, आणि ती काही सुखाची नव्हे. 29 नोव्हेंबर 1803 रोजी इथून पूर्वेला, आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानात वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांचा पराभव केला. त्या फौजेच्या इंग्रजी बंदुकांचे दस्ते अक्रोडाचेच. आपल्या देशात अक्रोड काश्मीरचा, आणि तिथे 1969 च्या कायद्याने अक्रोडाच्या झाडाला परवानगीवाचून कुऱ्हाड लावता येत नाही. म्हणजे हे लाकूड फेकून 'नवे करून घेऊ' म्हणण्याची सोय नाही. भाऊजींच्या मोटारीच्या रंगाचा विषय त्या दुपारी न बोलताच मिटला.

यंत्राच्या खोबणीतले लाकूड जुन्या वंगणाने काळे, भुसभुशीत झाले होते. त्यावर मिस्त्रींनी शाळेच्या खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून थापली. वाळली की पिवळी पडलेली पूड झटकायची आणि पुन्हा थापायची. खडू तेल शोषून वर आणतो. तीन थापांनंतर लाकूड लाकडासारखे दिसू लागले. दस्त्याला दोन-चार जागी पोचे होते. त्यांवर ओले फडके ठेवून ताईची इस्त्री टेकवली. चर्र असा आवाज झाला, वाफ आली आणि दबलेले तंतू फुगून वर आले. एक पोचा मात्र राहिला. तिथले तंतू दबले नव्हते, तुटलेच होते. त्याला वाफ काय करणार?

त्यानंतर एक गंमत झाली. खरकागदाने तुकतुकीत केलेल्या दस्त्यावरून मिस्त्रींनी ओले फडके फिरविले आणि तो उन्हात ठेवला. वाळल्यावर पाहतो तो सगळ्या अंगावर बारीक लव उभी! ती पुन्हा बारीक कागदाने उतरविली, पुन्हा पाणी, पुन्हा लव, पुन्हा कागद. तिसऱ्या खेपेला लव उठली नाही. "आता पावसायात घामानं उठनार नाही," असे मिस्त्री म्हणाले. हे पाणी त्यांनी माठातले गोडे घेतले होते, मुद्दाम. खाऱ्या पाण्याचे मीठ लाकडात राहिले तर नळीला गंज चढतो, हे खारपाणपट्ट्याच्या कडेला राहणाऱ्या सुताराला सांगावे लागत नाही.

आता उरली मूठ. भाचीच्या तळहाताला काजळ फासले आणि तिला नेहमीसारखी मूठ धरायला लावली. जिथे काळे लागले तिथे हात लाकडाला भिडत होता. मागच्या फुगवट्यावर गडद ठसा आणि अंगठ्याच्या बेचक्यात कोरेच. तेवढे लाकूड निघाले तर बोट पाऊण इंच पुढे जाणार होते. मिस्त्रींनी कानस हातात घेतली आणि भाऊजींकडे पाहिले.

"काढलं त काढलं, मास्तर. मी मांगून चिकटवून देनार नाही, आदीच सांगतो."

भाऊजी काही बोलेनात. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी घेतलेली ही सर्वांत महाग वस्तू होती, आणि तिचा एक भाग त्यांच्यादेखत भुसा होणार होता. मला त्यांची दया आली. तेवढ्यात ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "विकायचं पुढे पाहू. घेतली आहे तर आधी तिला ती धरता तर येऊ दे." मिस्त्रींनी कानस टेकवली. दहा-वीस वेळा ओढायची, पुन्हा काजळ, पुन्हा मूठ, पुन्हा कानस. संध्याकाळपर्यंत सगळ्या तळव्याचा ठसा सारखा उमटू लागला. पोरीने रिकाम्या दस्त्यावरच डोळे मिटून हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. बोट दर वेळी एकाच जागी जात होते.

त्याच संध्याकाळी अक्षय्य तृतीया होती आणि आम्ही सगळे भेंडवळला गेलो. भेंडवळ याच तालुक्यातले. चंद्रभान महाराज वाघांच्या वंशजांकडे चालत आलेली तिथली घटमांडणी प्रसिद्ध आहे: शेतात घट मांडायचा, भोवती गोलाकार अठरा धान्ये ठेवायची, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याची घागर. रात्री तिकडे कोणी जायचे नाही; पहाटे कोणता दाणा कुठे सरकला, ढेकूळ किती भिजले, ते पाहून वर्षाचे भाकीत सांगायचे. त्या भाकितावर माझा विश्वास नाही, आणि शास्त्राची चाड असलेल्या मंडळींनी त्यावर घेतलेले आक्षेप मला पटतात. पण भोवती दाटीने उभ्या असलेल्या शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिले की हसू येत नाही. गहू, ज्वारी, तूर, सरकी अशी धान्ये मांडली जात होती. जवस आला तेव्हा मिस्त्री कानाशी लागले, "आपलं तेल," म्हणाले. थोड्या वेळाने 'लाख' आली. "हेही आपलंच का?" मी विचारले. ते हसले. ती लाख म्हणजे लाखोळीची डाळ. पॉलिशची लाख धान्य नव्हे, पळसा-बोरीच्या फांद्यांवरच्या किड्याने केलेली.

पॉलिशची म्हणाल तर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने दिलेल्या पॉलिशइतके सुंदर दुसरे काही नाही. पण टेबलावर गरम कप ठेवला की त्यावर पांढरे वर्तुळ उमटते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. उष्णतेने ती मऊ होते, ओलीने पांढुरकी पडते, आणि हल्ली जो तो हाताला चोळतो ते स्पिरिटचे औषध लागले तर विरघळतेच. तेव्हा घामाचा गाल जिथे टेकायचा तिथे लाख चालत नाही. मिस्त्रींनी ती फक्त आतल्या खोबणीत, जिथे हात लागत नाही तिथे, दोन हात दिली. बाहेर जवस.

जवसाचे तेल क्रिकेटच्या बॅटीला लावलेले पुष्कळांना आठवत असेल. ते वाळते म्हणजे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेते आणि घट्ट होते. वजनाने घटत तर नाहीच, उलट थोडे भरते. सगळ्याच तेलांना हे साधत नाही. माझी खात्री व्हावी म्हणून मिस्त्रींनी काचेवर तीन थेंब पसरून ठेवले: जवस, करडई आणि शेंगदाणा. चौथ्या दिवशी जवसावर साय धरली होती, करडई बोटाला चिकटत होती आणि शेंगदाणा होता तसाच ओला. शेंगदाण्याचे तेल लावलेला दस्ता जन्मभर धूळ गोळा करीत राहील. पूर्वी जवसाचे तेल मुरदाडशिंग घालून कढवीत, म्हणजे ते लवकर वाळे. पण मुरदाडशिंग म्हणजे शिसे, विषच. आता दुकानात मिळते त्या पक्क्या बेलतेलात दुसरी औषधे असतात. गंमत अशी की वऱ्हाडात जवस पिकायचा तो आता हटत हटत बांधावर आला आहे. सोयाबीनने त्याची जागा घेतली. मिस्त्रींनी तेल आणले ते मात्र ओळखीच्या घाणीवरचे.

लावायची रीत अशी की चमचाभर तेल तळहातावर घ्यायचे, हात गरम होईपर्यंत लाकडात चोळायचे आणि दहा-पंधरा मिनिटांनी उरलेले सगळे पुसून काढायचे. पुसताना जीव हळहळतो, पण जाड राहिलेले तेल वाळत नाही, चिकट गोंद होऊन बसते. दिवसाला एकच हात. पहिल्या दिवशी लाकडाने तेल अधाशासारखे पिऊन टाकले. तिसऱ्या दिवसापासून अंगावर तजेला येऊ लागला. चकाकी नव्हे, तजेला. पहिल्या लाटा आता गुळाच्या काकवीसारख्या खोल दिसू लागल्या.

पुसलेल्या चिंध्या मात्र मिस्त्री एकेक करून दोरीवर पसरून टाकीत, आणि भाचीने त्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकलेला पाहिल्यावर ते पहिल्यांदा रागावले. प्राणवायू घेताना तेल तापते. पसरलेल्या चिंधीतून ती उष्णता निघून जाते, बोळ्यात कोंडते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. काडी लागत नाही. वैशाखातले 45 अंश आणि घरोघर कापूस भरलेला मुलूख. यावर अधिक लिहायला नको.

सहा हात झाल्यावर मिस्त्रींनी एका खिळ्याचे टोक घासून बोथट केले आणि मुठीवर हलक्या हातोडीने दाणे पाडायला बसले. टक्, टक्, टक्, दुपारभर. त्या दाण्यांमुळे घामेजला हातही सरकत नाही. मग लोखंड परत आले, स्क्रू बसले, आणि भाचीने नळी आणि लाकूड यांच्या मधल्या फटीतून एक पोस्टकार्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून दाखविले. कुठे अडले नाही. मिस्त्रींनी सहा दिवसांची मजुरी घेतली, तेलाचे वेगळे घेतले नाहीत, आणि जाताना दस्ता नाकाशी धरून हुंगला.

मी परतलो. स्पर्धेत पोरीला पदक मिळाले नाही. पण आधीच्या खेपेपेक्षा पुष्कळ वर आली आणि पुढच्या फेरीला पात्र ठरली. आषाढात तिचा फोन आला. देवघराचे दार फुगून बसले होते आणि भाऊजी त्याला रंधा मारीत होते. पोस्टकार्ड मात्र अजून सरळ जाते, असे तिने सांगितले. गाल टेकतो तिथे लाकूड जरा कोरडे वाटले म्हणून सकाळीच तेलाचा एक हात दिला होता. तो वाळेपर्यंत बंदुकीला हात लावायचा नाही, असे मिस्त्रींनी बजावले होते. म्हणून त्या दिवशी सरावाला सुटी होती, आणि घरातली मंडळी ओसरीवरून परसदारी हवी तितकी ये-जा करीत होती.